पोरं बरोबर असतील तर दुकान कुठलं? म्युनिकच्या किराण्याचा हिशोब

म्युनिकला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो. ‘किराणा डिस्काउंटवाल्यांकडूनच घ्या, बाकी ठिकाणी नुसती लूट.’ डिस्काउंटवाले म्हणजे आल्डी, लिडलसारखी स्वस्त दुकानं. सल्ला देणारा मनापासून देतो, पण बहुतेक वेळा तो एकटा, पाठीला सॅक आणि कानात हेडफोन लावून दुकानात जाणारा असतो. साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. ते कुणी मांडलेलं मला दिसलं नाही, म्हणून मीच मांडतो.

माझी पात्रता एवढीच, की कराडला आमचं किराणा दुकान होतं. अण्णा गल्ल्यावर, मी पुड्या बांधायला. त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरलो की नजर आधी मांडणीवर जाते, मग भावाच्या पट्टीवर आणि शेवटी मालावर. सध्या मी मुलासाठी घेतलेल्या रजेवर आहे, बायको कामाला जाते. इथे बापालाही ही रजा मिळते. तेवढ्या काळात सरकार देतं तो भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो, तेव्हा कुठे दोन पैसे वाचतात याकडे माझं लक्ष नाही असं कुणी समजू नये.

तर माझा कौल आमच्या कोपऱ्यावरच्या एडेकाला.

आता कारणं. एडेकाचा इतिहास कळला तेव्हा मला हे दुकान उगीच जवळचं वाटायला लागलं, हे आधीच सांगून टाकतो. १८९८ साली बर्लिनमधल्या काही छोट्या किराणा दुकानदारांनी एकत्र येऊन घाऊक माल घ्यायला सहकारी संस्था काढली, तिथून ही साखळी वाढली. आजही बरीच एडेका दुकानं एकेका स्वतंत्र दुकानदाराची असतात, पाटीवर कंपनीच्या नावाखाली मालकाचं आडनाव असतं. आमच्याकडेही तसंच आहे. मालक पन्नाशीचा, सकाळी भाजीच्या पेट्या स्वतः लावतो, गिऱ्हाइकाला ‘ग्र्युस गॉट’ म्हणजे इथला नमस्कार करतो आणि पोरं दिसली की खाली वाकतो. पगारी मॅनेजर वाईट असतो असं नाही, पण हे पोर पुढची पंधरा वर्षं आपल्याकडेच येणार आहे हे मालकाला जितकं कळतं तितकं दुसऱ्याला कळत नाही. अण्णा गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. धंद्यातला सगळ्यात स्वस्त खर्च तो, असं म्हणायचे.

इथे खडीसाखरेच्या जागी सॉसेजचा काप असतो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या या राज्यात, लहानाचे मोठे झालेल्या कुणालाही विचारा, मांसाच्या काउंटरवर मिळालेला ‘गेल्बवुर्स्ट’चा काप आठवतो. पिवळ्या वेष्टनातलं, फिकट रंगाचं, मुलांना चालेल असं सौम्य सॉसेज. काउंटरमागची बाई आईबापाचं सामान तोलता तोलता एक काप काढते, त्याची गुंडाळी करते, काट्यावर लावते आणि आधी आपल्याकडे बघून विचारते, देऊ का? विचारल्याशिवाय देत नाही, ही पद्धत मला फार आवडते. आम्ही चिकन-मटण खाणारे, पण डुक्कर घरात येत नाही, आणि या कापात ते बहुतेक असतंच. मी पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा थोरलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईने तो बघितला, दोन पावलं बाजूला सरकली आणि चीजच्या काउंटरवरून ‘बुटरकेझं’चा काप कापून, तशीच गुंडाळी करून पुढे केला. तेव्हापासून थोरली काउंटर दिसला की टाचा उंच करून आपणच सांगते, ‘केझं, बिटं’, म्हणजे चीज द्या ना. धाकट्याला अजून बोलता येत नाही, तो नुसता हात पसरतो. त्यालाही मिळतो.

फळांच्या विभागाशी एक टोपली असते, त्यात मुलांसाठी फुकट सफरचंदं आणि केळी. एका पोराला एक. ही सोय सगळ्या शाखांत असतेच असं नाही, आपापल्या दुकानात बघा. हे एक केळं म्हणजे सुमारे दहा मिनिटं शांतता, आणि दहा मिनिटांत दूध, दही, अंडी, लोणी, पाव एवढं उरकतं. थोरली खात नाही, तिला छोटी ट्रॉली हवी असते. तिच्या उंचीची, मागे लांब काठीवर झेंडा लावलेली. झेंडा अशासाठी, की रॅकच्या आडून पोर कुठे चाललंय ते बापाला दिसावं. दिसतं. झेंडा बिस्किटांच्या गल्लीत थांबला की मी पावलं उचलतो. या छोट्या ट्रॉलीने म्हाताऱ्या माणसांच्या घोट्यांना धक्के बसतात, हा तिचा एकमेव दोष. म्हातारी माणसंही कधी हसतात, कधी हसत नाहीत.

आता भावाचं. एडेका महाग, हे अर्धंच खरं. डोळ्यांच्या उंचीवर जे लावलेलं असतं ते महाग. प्रत्येक मोठ्या दुकानाचा स्वतःचा एक स्वस्त ब्रँड असतो, एडेकाचा ‘गुट उंड ग्युन्स्टिग’, रेवे या दुसऱ्या साखळीचा ‘या!’, आणि त्यातल्या रोजच्या वस्तू, म्हणजे दूध, साखर, मीठ, मैदा, पास्ता, यांचा भाव साधारण डिस्काउंटवाल्यांच्या बरोबरीचाच ठेवलेला असतो, कारण नाहीतर गिऱ्हाईक पळतं. फक्त हा माल सगळ्यात खालच्या फळीवर असतो. वाकायचा कंटाळा करणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यायचे, असा तो साधा व्यवहार. आणि खालची फळी म्हणजे बरोब्बर साडेचार वर्षांच्या मुलीची उंची. मी ‘खालून पांढरा पुडा’ म्हणायचं आणि तिने आणून तिच्या ट्रॉलीत टाकायचा. तिला मान मिळतो, माझी कंबर वाचते.

फळीवरच्या पट्टीत वस्तूच्या किमतीशेजारी बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. हा कायदा आहे, आणि २०२२ पासून १०० ग्रॅमचा भाव लिहून गिऱ्हाइकाला चकवायची सोयही गेली, सरसकट किलो नाहीतर लिटर. किराणेवाल्याचा मुलगा म्हणून सांगतो, मोठे आकडे वाचू नका, ते बारीक आकडेच वाचा. ‘फॅमिली पॅक’ लिहिलेला डबा किलोमागे छोट्या डब्यापेक्षा महाग पडतो, असं इथेही सापडतं.

मराठी घराला इथे काय मिळतं? बरंच. पिठांवर नंबर असतात, ४०५, ५५०, १०५०. नंबर जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, शंकरपाळ्यांना उत्तम. पोळीसाठी यातलं एकही धड नाही. १०५० मध्ये बारीक दळलेलं अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळून बायको अडीअडचणीला भागवते, पोळी होते, पण दुसऱ्या दिवशी डब्यात कडक. गव्हाचा रवा दोन जातींचा मिळतो, मऊ गव्हाचा आणि कठीण गव्हाचा. शिऱ्याला कुठलाही चालतो, उपम्याला कठीण गव्हाचाच घ्या, नाहीतर खळ होते. लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत, मीठ नसलेलं, त्याचं तूप अप्रतिम होतं. आणि क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा मऊ प्रकार! गुढीपाडव्याला चक्का टांगायची गरजच उरत नाही. ४० टक्केवाला घ्यायचा, तासभर फडक्यात ठेवून पाणी काढायचं, पिठीसाखर, वेलची, केशर. बिनस्निग्धांशाचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, त्याचं श्रीखंड खडूसारखं लागतं. अंड्यावर छापलेल्या कोडचा पहिला आकडा कोंबड्या कशा पाळल्या ते सांगतो, ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या आवारातल्या, २ बंद शेडमध्ये जमिनीवरच्या, ३ पिंजऱ्यातल्या. थोरलीला आकडे वाचायला आल्यापासून हा आमच्या घरचा खेळ आहे, आणि एकदा तिने फ्रिजमधल्या अंड्यावरचा २ बघून ‘या कोंबडीला बाहेर सोडत नाहीत’ असं जाहीर केल्यावर आता १ शिवाय अंडी येत नाहीत. या खेळाचा खर्च मी धरला नव्हता.

कोथिंबीर मात्र इथली घेऊ नका. प्लास्टिकच्या पाकिटात मोजून चार काड्या, नाहीतर कुंडीत लावलेली, जी घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मान टाकते. त्याबद्दल पुढे.

बाटल्यांचं मशीन हा वेगळा परिच्छेद करण्याइतका विषय आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. रिकामी बाटली परत केली की पैसे परत. २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही यात आल्या. ही २५ सेंटवाली बाटली एका दुकानातून घेतली आणि दुसऱ्यात दिली तरी मोठं दुकान नाही म्हणू शकत नाही, त्यासाठी लांब जायची गरज नाही. मशीनचं भोक छातीच्या उंचीवर असतं, तिथे थोरलीला उचलून धरावं लागतं. बाटली आडवी, बुडाकडून आत सरकवायची. मशीन ती गोल फिरवतं, लेबल वाचतं, पडद्यावर ०,२५ उमटतं आणि मग आत कुठेतरी कडाकड चुरगळल्याचा आवाज. धाकटा बाबागाडीत बसून त्या आवाजाची वाट बघतो आणि प्रत्येक वेळी नव्याने दचकून हसतो. बाटली घरीच चेपली असेल किंवा लेबल फाटलं असेल तर मशीन थुंकून टाकतं, ते त्याला आणखी आवडतं. शेवटी हिरवं बटण दाबलं की पावती येते, ती काउंटरवर द्यायची. काही मशीनवर दुसरंही बटण असतं, ते दाबलं की पैसे गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थेला जातात. लिडलने ही सोय २००८ मध्ये सुरू केली. थोरलीने एकदा मोठ्या मेजवानीनंतरच्या बाटल्यांचं ते दुसरं बटण दाबलं. मी काही बोललो नाही, कारण मागे रांगेत उभे असलेले आजोबा तिला शाबासकी देत होते.

डिस्काउंट दुकानांबद्दल. आल्डीचं मूळ एसेन शहरातल्या एका छोट्या दुकानात, १९१३ साली अल्ब्रेख्ट घराण्याच्या बाईंनी सुरू केलेल्या. त्यांच्या दोन मुलांनी पुढे त्याची साखळी केली, वाटणी केली, देशाचा उत्तर भाग एकाकडे, दक्षिण दुसऱ्याकडे. आपण म्युनिकवाले दक्षिणेच्या वाट्याला आलो. दुकानदारी म्हणून बघितलं तर हे डोकं अफाट आहे. वस्तू थोड्या, प्रकार मोजके, माल खोक्यातच ठेवायचा, मांडायला माणूस नको. पुड्यावर बारकोड एवढा लांबलचक छापायचा की कसाही धरला तरी मशीनला दिसावा. एकट्याने जायचं असेल तर मीही तिथेच जातो, आणि चॉकलेट, काजू-बदाम, ऑलिव्ह तेल तिथलंच आणतो.

अडचण शेवटच्या तीन मीटरात येते. डिस्काउंट दुकानातला काउंटर हा गिऱ्हाइकाने सामान पिशवीत भरावं म्हणून बांधलेलाच नसतो. स्कॅनरपलीकडे वीतभर जागा. नियम असा, की ट्रॉली काउंटरला चिकटवून लावायची, बाई ज्या वेगाने स्कॅन करते त्याच वेगाने वस्तू ट्रॉलीत ओढायच्या, पैसे द्यायचे आणि पिशव्या खिडकीशी असलेल्या फळीवर जाऊन भरायच्या. एकट्या माणसाला ते जमतं, थोडी मजाही येते. पण ट्रॉलीच्या बैठकीत दीड वर्षाचं पोर बसलेलं असेल, ते प्रत्येक वस्तू उचलून बाहेर भिरकावत असेल, थोरली त्याच क्षणी सामानाच्या सरकत्या पट्ट्याखाली वाकून कुणाचा तरी पडलेला सेंट शोधत असेल आणि मागच्याचं दही तुमच्या बटाट्यांवर येऊन आदळत असेल, तर त्या तीस सेकंदांत माणसाची सगळी अब्रू जाते. कुणी वाईट बोलत नाही. फक्त बघतात. त्या बघण्याचे मी एका खरेदीमागे तीन युरो धरतो. तेवढे एडेकात जास्त गेले तरी बेहत्तर. तिथे काउंटरपलीकडे घसरता पत्रा आहे, मध्ये आडवी फळी फिरवून दोन गिऱ्हाइकांचा माल वेगळा ठेवता येतो, आणि पुढच्याचं स्कॅन होईस्तो तुम्ही तुमचं भरत बसू शकता.

काउंटरशी गोड माल सगळीकडेच असतो, पोराच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर. त्याचा राग करण्यात अर्थ नाही, बरण्या काउंटरवर आम्हीही ठेवायचो. माझा उपाय असा. पट्ट्यावर दोन गिऱ्हाइकांच्या सामानामध्ये ठेवायची ती त्रिकोणी दांडी असते ना, ती ठेवण्याचं काम थोरलीचं. इथे दांडी न ठेवणं म्हणजे मोठा उद्धटपणा. त्यामुळे आमची रांग आली की ती दांडीसाठी टपून असते, पुढच्या माणसाचा शेवटचा टोमॅटो पट्ट्यावर पडला रे पडला की दाणकन दांडी. मग आमच्या मागेही एक. हे होईस्तोवर चॉकलेटं मागे पडलेली असतात. धाकट्यासाठी उपाय नाही, त्याला पावाचा तुकडा द्या. आणि रंगीत गमी घेण्याआधी मागची अक्षरं वाचा, जिलेटिन बहुतेकांत असतं आणि ते सहसा डुकराचंच. ‘व्हेगन’ लिहिलेल्या मिळतात, पोरांना फरक कळत नाही.

संडासाचा प्रश्न कुठल्याच परीक्षणात कुणी लिहीत नाही. अर्धी ट्रॉली भरलेली असते आणि खालून आवाज येतो, ‘बाबा, शू.’ नेहमीच्या आकाराच्या किराणा दुकानात इथे गिऱ्हाइकांसाठी संडास क्वचितच असतो, फक्त कर्मचाऱ्यांचा असतो. आमच्या घराजवळच्या एका दुकानात, नाव नको, मी विचारलं तर तिथल्या तरुण पोराने थोरलीकडे बघतबघत ‘नियम नाही’ म्हणून सांगितलं. ट्रॉली तिथेच सोडून आम्ही पळालो, बाहेरच्या झुडपाने सांभाळून घेतलं. एडेकाच्या दारातल्या बेकरीवाल्या बाईंनी मात्र न बोलता किल्ली काढून दिली आणि येताना थोरलीच्या हातात ब्रेत्झेलचं टोक ठेवलं. दुकान निवडण्यासाठी मला याहून जास्त काही लागलं नाही.

डायपरसाठी डीएमला जा. किराणा दुकान नव्हे, साबण, पावडर, बाळाचं सामान असं सगळं विकणारी ही साखळी १९७३ ला कार्ल्सरूहेत सुरू झाली. त्यांच्या दुकानात बाळाचं डायपर बदलायला टेबल असतं, आणि त्यावर वेगवेगळ्या मापांचे डायपर आणि ओले रुमाल फुकट ठेवलेले असतात. फुकट म्हणजे फुकट, काही विकत घ्यावं लागत नाही, कुणी बघायलाही येत नाही. पहिल्यांदा मी संशयाने इकडेतिकडे बघितलं होतं. गावात फिरताना कुठे डीएम आहे हे आता मला ट्रामच्या थांब्यांसारखं पाठ आहे. त्यांच्या घरच्या ‘बेबीलव्ह’ डायपरवर आमची दोन्ही पोरं वाढली, नावाजलेल्या ब्रँडपेक्षा बरेच स्वस्त आणि रात्री गळत नाहीत. शिवाय लाल मसूर, बासमती आणि नारळाचं दूधही तिथे मिळतं, वाटेत एक काम उरकतं. जाता जाता एक चीड: या देशात कुत्र्याच्या खाण्यावर ७ टक्के कर आहे आणि बाळाच्या डायपरवर १९ टक्के. डीएमचा त्यात दोष नाही, पण बिल हातात आलं की दर वेळी डोकं फिरतं.

राहिली कोथिंबीर. ती आणि भेंडी, तिखट मिरच्या, छोटी वांगी, पुदिना, यासाठी मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएथेष्ट्रासे आणि लांडवेअरष्ट्रासेला जायचं. तुर्की, अरबी, अफगाणी, भारतीय, सगळी दुकानं त्या दोन-चार गल्ल्यांत आहेत. कोथिंबिरीची जुडी हातात मावत नाही एवढी, मुळांसकट, ओली. चण्याच्या आणि मसुराच्या मोठ्या पिशव्या, तीळ, खजूर, जाड-बारीक बुल्गूर. जाड बुल्गूर आम्ही दलियासारखा वापरतो, लापशी छान होते. तूरडाळ, पोहे, चपातीचं पीठ, गोडा मसाल्याला लागणारं दगडफूल हे भारतीय दुकानात, तेही तिथेच आसपास. गोडा मसाला तयार मिळेल अशी आशा धरू नका, गावाहून आणा.

पोरांच्या दृष्टीने ही दुकानं म्हणजे अर्धा स्वर्ग, अर्धा सर्कशीचा तंबू. गल्ल्या अरुंद, वाटेत तांदळाच्या गोण्या, बाबागाडी आत जात नाही. धाकट्याला कडेवर किंवा झोळीत घ्यावं लागतं, म्हणजे उचलायला एकच हात उरतो. पण एका तुर्की दुकानातले काका धाकट्याला बघून गल्ला सोडून येतात, गालगुच्चा घेतात, हातात सोललेलं संत्रं देतात आणि माझं सामान तेच पिशवीत भरतात. जर्मन दुकानात सामान भरून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. फळं हाताने दाबून बघितली तरी कुणी ओरडत नाही. भाव पाटीवर लिहिलेला असतोच असं नाही, तेवढं विचारून घ्या. रोख पैसे ठेवा. ट्रॉलीसाठी लागणारं युरोचं नाणं इथे लागत नाही, पण पोरांच्या संत्र्यानंतर बाकलाव्यासाठी लागतं. स्टेशनच्या परिसरात कित्येक वर्षं खोदकाम चालू आहे, त्यामुळे बाबागाडी घेऊन तिथून वर यायच्या फंदात न पडता मी गोएथेप्लाट्झला उतरतो आणि गोएथेष्ट्रासेने सरळ चालत जातो.

वेळेबद्दल एवढंच. म्युनिकमध्ये दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, रविवारच्या सुट्टीला इथे राज्यघटनेचा आधार आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव दुकानात असतं, पोरांना घेऊन तेव्हा जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला जा. आजी-आजोबा गिऱ्हाइकं असतात, बेकरी गरम असते, टोपलीत केळी शिल्लक असतात. सणाच्या सुट्ट्यांची यादी फ्रिजवर लावा, १५ ऑगस्टलाही इथे सगळं बंद असतं, झेंडावंदनासाठी नव्हे, मेरीमातेच्या सणासाठी. आणि अगदीच रविवारी डायपर संपले तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात. भाव चढे, रांग दारापर्यंत, आणि रांगेत निम्मे माझ्यासारखेच बाप असतात, काखेत डायपरचं पाकीट धरलेले.